मांडीतली गाठ

सातारा,
रविवार, सकाळ

प्रिय बाळ्या,

ताईला गाठ आल्याचा तुझा मेसेज परवाच आला. फोन करणार होतो, पण फोनवर तू नुसतं 'हो हो' करतोस आणि निम्मं विसरतोस. म्हणून सविस्तर लिहितोय. ताईलाही वाचून दाखव.

'चरबीची गाठ आहे, अर्ध्या तासात काढून टाकू' असं डॉक्टर म्हणाले ना? असेलही चरबीची. बहुतेक गाठी तशाच निघतात. पण पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल स्नायूत बसलेली, वाढत चाललेली गाठ असेल तर एमआरआय आणि सुईची बायोप्सी (सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं) झाल्याशिवाय तिला चाकू लावू देऊ नका. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. माझीही दुखत नव्हती. आणि बायोप्सी जिथे पुढे ऑपरेशन होईल तिथल्याच सर्जनच्या सल्ल्याने करा. सुई गेलेली वाटही नंतर गाठीबरोबर काढावी लागू शकते, म्हणून ती कुठून घालायची हे त्याला ठरवू दे.

माझ्या वेळी हे कुणी सांगितलं नाही. गाठ काढली, टाके काढले, बारा दिवसांनी रिपोर्ट आला: सायनोव्हियल सार्कोमा, म्हणजे एक जातीचा कॅन्सर. नाव सांध्याच्या अस्तरावरून पडलंय, पण त्या अस्तराशी याचा संबंध नाही. एक्स आणि १८ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल होतात, तिथून हे सुरू होतं. मोठ्या माणसांच्या कॅन्सरमध्ये सगळे सॉफ्ट टिश्यू सार्कोमा (स्नायू, चरबी अशा मऊ भागांतले असे कॅन्सर) मिळून शंभरात एखादा. त्यातही पन्नासच्या वर जाती. गावच्या डॉक्टरने आयुष्यात एखादा पाहिला असेल-नसेल, त्यामुळे आता मला राग येत नाही. म्हणजे, कमी येतो.

परळला टाटामध्ये पहिल्या दिवशीच विचारलं, 'ब्लॉक आणि स्लाइड आणल्यात?' म्हणजे काढलेल्या गाठीचे मेणात आणि काचेवर ठेवलेले नमुने. नव्हत्या. परत साताऱ्याला येऊन लॅबमधून मेणाचे ते चौकोनी तुकडे घेतले, कंदी पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात कापसात गुंडाळले आणि एसटीत मांडीवर धरून नेले. शेजारच्या आजी दोनदा म्हणाल्या, 'पेढे कशाचे रे?'

मग तीच जागा पुन्हा उघडली, या वेळी चहूबाजूंनी निरोगी भागासकट. त्यानंतर तेहेतीस वेळा लाइट, म्हणजे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. पाय कापावा लागेल या धास्तीने आई जेवत नव्हती. १९८२ साली अमेरिकेत ४३ रुग्णांचा एक अभ्यास छापून आला: काहींचा हात-पाय कापला, काहींची फक्त गाठ काढून लाइट दिली. वाचवलेल्या हातापायात गाठ परत येण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं, पण जगण्यात फरक दिसला नाही. माझा पाय त्या हिशेबावर उभा आहे म्हण ना.

उभा आहे, पण पूर्वीचा नाही. मांडीचं मांस लाकडासारखं घट्ट झालंय, मांडी घालून बसता येत नाही, संध्याकाळी घोटा सुजतो म्हणून घट्ट मोजा घालतो. लग्नात पंगतीला मला खुर्ची आणतात, तेव्हा अजून लाज वाटते.

'सुटलास ना आता?' असं तू विचारलंयस. सातवं वर्ष चालू आहे. पाच वर्षं झाली की मोकळा, हा हिशेब या जातीला पुरता लागू नाही. दहा वर्षांनंतरही परत उगवल्याची उदाहरणं आहेत, आणि पसरलीच तर बहुधा फुप्फुसात. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी होती, मग सहा महिन्यांनी, आता वर्षातून एकदा. त्याच्या आधीचा आठवडा मी घरात कुणाशी नीट बोलत नाही, साधा खोकला आला तरी मोजतो. बायको म्हणते, डिसेंबर आला की तुझा चेहराच बदलतो. रिपोर्ट चांगला आला की मात्र परळच्या नाक्यावर मिसळ खातो.

ताईचं चरबीचंच निघो. पण आधी एमआरआय. मुंबईला जायची वेळ आलीच तर सुट्टी टाकून मी बरोबर येतो. तिथली रांग, खिडक्या मला पाठ आहेत. आणि कुणी काही काढलंच असेल तर ब्लॉक मागून घ्यायला विसरू नकोस.

तुझा,
अव्या