रिकामी दुकाने अडवून का ठेवायची?

महोदय,

ब्रिटनमधल्या हाय स्ट्रीटवरची, म्हणजे गावातल्या मुख्य बाजारपेठेच्या रस्त्यावरची, जुनी दुकाने बंद पडल्याची बातमी आली, की आपल्याकडे एकच कारण सांगितले जाते: लोक ऑनलाइन खरेदी करतात. इंग्लंडमधल्या एका लहान गावात मी वीस वर्षे राहते आहे. हे कारण खरे आहे, पण अर्धेच.

लिव्हरपूलला १९०९ साली ब्रिटनमधले पहिले दुकान उघडणारी वूलवर्थ्स ही दुकानांची साखळी शंभरी भरायच्या आतच, जानेवारी २००९ मध्ये बंद झाली. सुमारे २७ हजार लोकांची नोकरी गेली. मग २०१६ मध्ये बीएचएस, २०२१ मध्ये डेबनहॅम्स, २०२३ मध्ये विल्को. निदान यांची बातमी तरी झाली. आमच्या रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानाला दीड वर्षापूर्वी टाळे लागले, ते कुणी छापले नाही. तिथे चार स्क्रू मागितले तर चारच मिळत. शेवटच्या आठवड्यात माल संपला, तशा लाकडी खणांवरही किमतीच्या चिठ्ठ्या लागल्या. त्यातला एक खण मी घरी आणला. दुकानदाराच्या वडिलांच्या हातचे माप त्यावर अजून वाचता येते.

गिऱ्हाईक कमी झाले होतेच, पण दुकानदारांचे कंबरडे मोडले ते बिझनेस रेट्सनी. हा कर विक्रीवर किंवा नफ्यावर नसतो. त्या जागेला वर्षाचे किती भाडे येईल, या सरकारी अंदाजावर असतो. धंदा बसला तरी बिल येतेच. अगदी लहान दुकानांना सवलत आहे, यांची जागा त्यात बसत नव्हती. ऑनलाइन कंपन्यांची गोदामे मात्र गावाबाहेरच्या स्वस्त जमिनीवर उभी, म्हणजे चौरस फुटामागे करही कमी. ही स्पर्धा बरोबरीची कशी म्हणायची?

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. जागा अजून रिकामीच आहे. काचेच्या दारामागे टपालाचा ढीग साचलाय. सायकल दुरुस्त करणाऱ्या एका मुलीला ती हवी आहे. तिने तीनदा विचारले, पण जागामालक भाडे उतरवत नाही. भाडे उतरले की कागदावर मालमत्तेची किंमतही उतरते ना!

यावर कायद्यात तोड आहे. डिसेंबर २०२४ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलांना, म्हणजे स्थानिक नगरपालिकांना, अधिकार मिळाला आहे: गेल्या २४ महिन्यांत ३६५ दिवसांहून जास्त रिकामे राहिलेले दुकान एक ते पाच वर्षांच्या भाडेपट्ट्यासाठी कौन्सिला लिलावात काढू शकतात. आमच्या कौन्सिलने तो एकदाही वापरलेला नाही. विचारले, तर माणसे नाहीत, पैसे नाहीत, असे उत्तर मिळाले.

पुढच्या बैठकीत मी या दुकानाचे नाव घेऊन हा विषय पुन्हा काढणार आहे. इंग्लंडमधल्या मराठी वाचकांना विनंती, की आपल्या रस्त्यावरचे कुठले दुकान वर्षाहून जास्त बंद आहे ते पाहा आणि कौन्सिलला लेखी विचारा.

आपली,
एक वाचक, इंग्लंड