शून्य कुणी लिहिलं?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागून म्हणालीस, "बाबा, आरोग्य उपकेंद्रांकडून आलेला हा हिवतापाचा डेटा इतका घाण आहे की निम्मा फेकूनच द्यावा लागेल." मी नुसतं हं म्हणून गप्प बसलो. तुझी आई शेजारीच होती. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तिला कळतो. फोन ठेवल्यावर म्हणाली, आता पंधरा दिवस घरात कुरकुरत फिरण्यापेक्षा तिला लिहूनच टाका.

तू सांगितलेलं ते एक उपकेंद्र डोक्यातून जात नाही. सलग वर्षभर हिवतापाचे शून्य रुग्ण, आणि मग एका महिन्यात एकदम तीस. तू पाऊस लावून पाहिलास, तापमान लावून पाहिलंस, कशालाच ते जुळेना, म्हणून ते गाव तू बाजूला काढलंस. मी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा बघितल्या, मला गणितातलं काही कळत नाही. पण तू विचारलं असतंस तर मी एवढंच म्हटलं असतं, की त्या वर्षभरात तिथे होतं कोण?

बहुधा कुणीच नव्हतं. कर्मचारी बदली होऊन गेला आणि जागा रिकामी राहिली. बोट टोचायला माणूस नाही, तर रुग्ण सापडणार कुठून? मासिक अहवाल मात्र जातोच. रकाना कोरा ठेवला तर तो परत येतो, शून्य लिहिलं की मुकाट पुढे सरकतो. मग कधीतरी नवा माणूस रुजू होतो, नवा असल्यामुळे पायाला भिंगरी लावून घरोघर फिरतो, ताप आलेल्या प्रत्येकाचं रक्त घेतो, आणि तुझ्या आलेखावर सुळका उभा राहतो. तू त्याला साथ समजलीस. मला ती एका माणसाची हजेरी दिसते.

आमच्या कामात म्हणून दोन आकडे नेहमी शेजारी शेजारी वाचायचे असत. एक एपीआय, म्हणजे वर्षाला दर हजार लोकसंख्येमागे हिवतापाचे किती रुग्ण सापडले. दुसरा एबीईआर, म्हणजे वर्षात शंभरातल्या किती लोकांचं रक्त तपासलं. हा दुसरा निदान दहा टक्के तरी हवा, असा दंडक. नुसता एपीआय सांगणं म्हणजे किती दारं वाजवली ते न सांगता "घरी कुणी नव्हतं" म्हणणं. अर्थात दहा टक्के भरायचे म्हणून मार्चअखेर शाळेत जाऊन, ताप नसलेल्या धडधाकट पोरांची बोटं टोचलेलीही मी पाहिली आहेत. तेव्हा दुसऱ्या आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नकोस. काचा कोणत्या महिन्यात गोळा झाल्या ते बघ. तापाचे दिवस सोडून सगळ्या वर्षाअखेरीला दिसल्या, की काय ते समज.

तू लहान असताना मी रात्री कुठे जायचो हे तुला नीट कधी सांगितलंच नाही. हत्तीरोगाचे जंतू दिवसा बोटाच्या रक्तात जवळजवळ सापडत नाहीत. ते फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, बाहेरच्या रक्तात उतरतात. कारण त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरने १८७७ साली चीनमधल्या अमॉय बंदरात, ज्याला आता श्यामेन म्हणतात, हे जंतू रक्त पिणाऱ्या डासाच्या पोटात वाढताना पाहिले. रोगाचा किडा डासाच्या अंगात वाढतो हे माणसाला तिथे पहिल्यांदा दिसलं. आणि गंमत बघ, समोआसारख्या बेटांवर हाच जंतू दिवसा वर येतो, कारण तिथला डास दिवसा चावतो. आपल्याच देशात निकोबारच्या नानकौरी बेटांवरही तसंच आहे. म्हणजे आमचं पथक तिथे नेऊन मध्यरात्री रक्त घेतलं असतं तर हत्तीरोग खूप कमी दिसला असता, आणि तो आकडा कागदावर अगदी स्वच्छ दिसला असता.

तर रात्री आम्ही निघायचो. बॅटरी, काचांची पेटी, स्पिरिटचा बोळा, सुया, नोंदवही. झोपेतल्या माणसाला उठवायचं, कशासाठी ते सांगायचं, त्याच्या शिव्या ऐकून घ्यायच्या आणि मग अनामिकेला टोचायचं. वीस घनमिलिमीटर रक्त काचेवर पसरायचं, काचेच्या टोकाला नंबर घालायचा, तोच नंबर वहीत. मग वाळवायला आडवी ठेवायची. आणि इथे तुझ्या डेटातली एक भानगड जन्माला येते. ओलं रक्त उघड्यावर राहिलं की मुंग्या ते खातात. खरंच खातात. सकाळी पेटी उघडावी तर नंबर आहे, नाव आहे, काच चकचकीत. आता वहीत काय लिहायचं? प्रामाणिक माणूस "नमुना खराब" लिहितो आणि पुन्हा एका रात्री त्याच दारावर जातो. दमलेला माणूस "निगेटिव्ह" लिहितो. तुझ्या तक्त्यात जिथे "माहिती नाही" आहे, तिथे तू कपाळाला आठ्या घालतेस. माझा तर त्या माणसावर जास्त विश्वास बसतो. ज्याच्या वहीत एकही काच कधी खराब झाली नाही, त्याची वही आधी तपास.

आता हत्तीरोगासाठी चाचणीची पट्टी आली, दिवसाढवळ्या एका थेंबावर काम होतं. चांगलंच झालं. त्या रात्रींबद्दल मला काही फार प्रेम नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, नाहीतर म्हणशील बाबा दुसऱ्यांच्याच वह्या तपासतात. हिवतापाची काच निगेटिव्ह म्हणायची तर जाड थेंबातली शंभर फील्डं, म्हणजे लेन्समधून एका वेळी दिसतात ते तुकडे, बघावी लागतात, तेल टाकून, शंभराच्या लेन्सखाली. नीट बघितलं तर एका काचेला सहा-सात मिनिटं जातात. दिवसाला पन्नास-साठ काचा झाल्या की डोळ्यांपुढे जांभळा रंग तरळायला लागतो. त्या दिवशी ट्रेमधली शेवटची काच होती. चाळीसेक फील्डं पाहिली, काही नाही, निगेटिव्ह लिहिलं आणि उठलो. निगेटिव्हमधल्या काही काचा फेरतपासणीला वर जात, त्यात नेमकी ती गेली. परत आली ती नंबराला लाल शाईचा गोल करून. फाल्सिपेरम, हिवतापाचा घातक परजीवी. अगदी कोवळी वलयं, नखाच्या कडेने काढावीत इतकी बारीक, आणि थोडीच. तोवर तो माणूस तापाने दोनदा अंथरुणाला खिळला होता. औषध मिळालं, बरा झाला. मला कुणी फार बोललं नाही. पण त्यानंतर मी ट्रेमधली शेवटची काच नेहमी पहिली बघायला लागलो. तुला यातून घेण्यासारखं काय, तर एका तंत्रज्ञाच्या नावावर एका दिवसात दीडशे काचा दिसल्या, तर सरळ गुणाकार कर. कामाच्या दिवसाला तेवढी मिनिटं नसतात.

तू म्हणशील, आता झटपट तपासणीची किट आहेत, हे सगळं जुनं झालं. किट मलाही आवडतात. जिथे वीज नाही, सूक्ष्मदर्शक नाही, तिथे पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळतं. पण पेरूमधली गोष्ट तुझ्या वाचण्यात आली असेलच. हिवतापाची बहुतेक किट फाल्सिपेरमचं एचआरपी-२ नावाचं प्रथिन शोधतात. ॲमेझॉनच्या भागातल्या रुग्णांत असे परजीवी सापडले, की त्यांच्यात ते प्रथिन बनवणारं जनुकच गळलेलं. २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे एरिट्रियात तर हे प्रमाण इतकं वाढलं की २०१६ साली त्या देशाला किट बदलावी लागली. किट निगेटिव्ह, माणूस तापाने फणफणलेला. हे उघडकीला कसं आलं? कुणीतरी त्याच रुग्णाची काचही सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आणि दोन उत्तरं जुळेनात. न जुळणारं उत्तर त्यांनी बाजूला काढलं असतं तर काय झालं असतं, ते तुला मी सांगायला नको.

शून्य हा माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात महागडा आकडा. नारूचंच बघ, पिण्याच्या पाण्यातून होणारा तो किड्याचा रोग. त्यावर ना लस, ना औषध. पाणी गाळणं, विहिरीत पाय घालू न देणं आणि जखमेतून येणारा तो लांबलचक किडा काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळणं, एवढंच. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. पण जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्र मिळालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. मधली तीनेक वर्षं लोकांनी काय केलं? नसलेला किडा शोधला. गावोगाव चित्रं दाखवली, कळवणाऱ्याला बक्षीस लावलं, आलेली प्रत्येक खबर जाऊन पाहिली. इतकं केल्यावर जे शून्य आलं ते खरं. आणि श्रीलंकेत १९६३ साली हिवतापाचे फक्त १७ रुग्ण उरले होते. रोग गेलाच, असं धरून फवारणी आवरती घेतली, शोध सैल पडला, आणि दशक संपेपर्यंत आकडा पाच लाखांच्या वर. पुन्हा शून्यावर येऊन हिवतापमुक्तीचं प्रमाणपत्र हाती पडायला त्यांना २०१६ साल उजाडलं.

आणि एक, हे 'उष्णकटिबंधीय रोग' नाव मला कधीच पटलं नाही. लिव्हरपूल आणि लंडनला त्या नावाच्या संस्था १८९८-९९ साली निघाल्या, तेव्हा वसाहतींत जाणारे साहेब तापाने मरत होते, ही खरी काळजी होती. हिवताप खुद्द इंग्लंडच्या दलदलीत होता, इटलीत तर १९७० पर्यंत त्या देशाला मुक्त म्हणवता आलं नाही. उन्हावर सगळं ढकललं की गटार, घर आणि पाणी यांचा हिशेब कुणी मागत नाही. तुझ्या मॉडेलमध्ये तापमानाला रकाना आहे, तसा रिकाम्या जागांनाही असू दे. किती महिने कर्मचारी नव्हता, हा आकडा पगारपत्रकात सापडतो, तो मागून घेता येतो. तुझ्या सरांना हसू येईल कदाचित. येऊ दे.

ते गाव मात्र फेकू नकोस. त्याआधी मला फक्त दोन रकाने पाठव. त्या उपकेंद्रातून महिन्याला किती काचा गेल्या, आणि काचांचे नंबर कुठून कुठपर्यंत. नंबर सलग असतील, तारखा आठवड्याच्या ठरावीक वारी पडत असतील, तर माणूस फिरत होता. वर्षभर शून्य रुग्ण आणि शून्य काचा असतील, तर मी म्हणतो तसंच. पण महिन्याला नेमक्या तेवढ्याच काचा, एक कमी नाही की एक जास्त नाही, असं दिसलं तर लगेच फोन कर, मग ती तिसरीच गोष्ट असते आणि ती पत्रात लिहिण्यासारखी नाही.

छापून पाठव, मोबाइलवर नको. मला बारीक अक्षर दिसत नाही, आणि बाजूला पेन्सिलीने खुणा केल्याशिवाय माझं डोकं चालत नाही.

तुझा,
बाबा