सात सह्या झाल्यापासून नोंदणी होईपर्यंत : कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

साहेब, मी नाशिकच्या एका कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर होतो. सहा वर्षांपूर्वी सेकंड शिफ्ट सुटल्यावर आम्ही सात जण एका सहकाऱ्याच्या खोलीवर जमलो आणि युनियनच्या नोंदणी अर्जावर सह्या केल्या. अर्ज खराब होऊ नये म्हणून एकाने आपली सही आधी वहीच्या मागच्या पानावर दोनदा गिरवून पाहिली.

अर्ज दिल्यानंतर नवव्या दिवशी एचआरने आम्हाला एकेक करून केबिनमध्ये बोलावलं. सातही नावं त्यांच्या टेबलावर होती, क्रमसुद्धा अर्जातलाच. एकाच्या हातात उत्तराखंडच्या प्लांटला बदलीचं पत्र पडलं. त्याच्या बायकोला तेव्हा सातवा महिना होता. दुसऱ्याच्या गावी वडिलांना फोन गेला, मुलाला सांभाळा म्हणून. महिन्याभरात चौघांनी माघारीची पत्रं दिली. ती पत्रं मी नंतर पाहिली. मजकूर चारहींत शब्दशः एकच, आणि 'स्वेच्छेने' हा शब्द चारही ठिकाणी 'स्वइच्छेने' असा छापलेला. त्या चौघांवर माझा राग नाही. घर त्यांनाही चालवायचं होतं.

चारच का, हे मला पुढे वकिलांनी सांगितलं. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानुसार अर्जदारांपैकी निम्म्यांपर्यंत लोक मागे फिरले तर तेवढ्यावरून अर्ज अवैध ठरत नसे. निम्म्यांहून जास्त फिरले की हे संरक्षण संपायचं. सातांत चार म्हणजे निम्म्यांहून जास्त. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद तशीच आहे. शिवाय कायद्यातला 'संरक्षित कामगार' म्हणजे नोंदणी झालेल्या युनियनचा पदाधिकारी. अर्ज दिला पण नोंदणी व्हायची आहे, अशा माणसाला ते संरक्षण नाही. म्हणजे भीती सगळ्यात जास्त असते त्याच दिवसांत कामगार उघडा पडतो.

हे दिवस किती लांबू शकतात ते तमिळनाडूत दिसलं. श्रीपेरुम्बुदूरच्या सॅमसंग कारखान्यात ९ सप्टेंबर २०२४ ला संप सुरू झाला, तो ३७ दिवस चालला. मुख्य मागणी युनियनच्या मान्यतेची होती. युनियनच्या नोंदणीचं प्रकरण हायकोर्टात गेलं आणि नोंदणी हातात पडली ती जानेवारी २०२५ मध्ये.

आता नवी संहिता. एकाहून जास्त युनियन असतील तर मालकाशी वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळवायला हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार पाठीशी असावे लागतात. आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेची अट ३० टक्क्यांची होती. आणि हजेरीपट तरी कुणाचा? आमच्या शॉपवर माझ्या शेजारच्या मशीनवरचा पोरगा तेच जॉब काढायचा, पण त्याचं नाव ठेकेदाराच्या मस्टरवर. शिक्षेचंही पाहा. बेकायदा ठरलेल्या संपात उतरलेल्या कामगाराला महिनाभर कैद होऊ शकते. युनियन मोडण्यासाठी अनुचित प्रथा वापरणाऱ्या मालकाला पहिल्या गुन्ह्यात फक्त दंड, १० हजार ते २ लाख. हे मला अजिबात पटत नाही, आणि ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून इथे लिहितो आहे.

१९२६ चा कायदा मुळात आला कसा, ते आपल्याला माहीत असेलच. मद्रासच्या गिरणी कामगारांचे नेते बी. पी. वाडिया यांच्याविरुद्ध युनियनच्या कामामुळे हायकोर्टाने मनाई हुकूम दिला, आणि मार्च १९२१ मध्ये युनियनच्या नोंदणी व संरक्षणासाठी कायदा करा असा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला तो आपले कामगार नेते न. म. जोशी यांनी.

संहिता दिल्लीची आहे, हे मान्य. पण युनियनची नोंदणी करणारा रजिस्ट्रार राज्य सरकार नेमतं. अर्जदारांची नावं नोंदणी होईपर्यंत मालकाच्या हाती जाऊ नयेत, असा लेखी आदेश त्यांना द्या. माघारीचं पत्र आलं तर ते लिहिणाऱ्याला कारखान्याबाहेर, एकट्याला बोलावून विचारा. अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा ते ठरवा आणि तेवढ्या काळात अर्जदाराची बदली किंवा बडतर्फी झाली, तर कामगार अधिकाऱ्याने लगेच चौकशी करावी.

उत्तराखंडला गेलेला आमचा सहकारी तिथेच राहिला. त्याची मुलगी आता शाळेत जाते. या पत्राची एक प्रत मी त्यालाही पाठवतो आहे.

आपला,
एक माजी सीएनसी ऑपरेटर, नाशिक