व्हेनिस उभ्या उभ्या उरकायचं गाव नाही

संपादकसाहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत व्हेनिसवरचा लेख वाचला. 'चार तासात व्हेनिस' असं मथळ्यातच होतं त्यामुळे आधीच डोकं फिरलं, पण म्हटलं वाचू तरी, तर आत तेच, बोटीतून उतरा, सान मार्कोच्या चौकात फोटो काढा, गोंडोलात बसा, आईस्क्रीम खा, निघा. हे लिहिणाऱ्याचा दोष आहे असं मी म्हणत नाही कारण मी पण पहिल्यांदा असाच गेलो होतो. आम्ही 44 जण, पुढे छत्री वर धरलेला गाईड, त्याच्या कमरेला स्पीकर, आणि माझं अर्धं लक्ष छत्रीकडे तर अर्धं आपल्यातलं कोण हरवलंय का याकडे. गोंडोलाचे माणशी 25 युरो घेतले, एका नावेत पाच जण कोंबले, आणि घरी आल्यावर कळलं की दर नावेचा असतो, माणशी नसतोच! तेव्हा अर्ध्या तासाला 80 युरो होता, 2023 च्या नोव्हेंबरपासून दिवसाचा 90 झालाय, संध्याकाळी सातनंतर 110. टूर कंपनीचं नाव लिहीत नाही, जे गेलेत त्यांना कळेल.

दुसऱ्यांदा मागच्या वर्षी मी आणि सौ. दोघंच गेलो, तीन रात्री राहिलो, आणि तेव्हा लक्षात आलं की पहिल्या वेळी आपण व्हेनिस बघितलंच नव्हतं, गर्दी बघितली होती.

एक साधी गोष्ट घ्या. लेखात 'सुंदर विहिरी दिसतात' एवढंच एक वाक्य आहे. अहो त्या विहिरीच नाहीत! म्हणजे दिसायला विहीर, पण खाली झरा वगैरे काही नाही. शहराच्या चारी बाजूंनी पाणी पण सगळं खारट, प्यायला थेंब नाही, मग या लोकांनी काय केलं तर अख्खा चौक खणला, खारं पाणी आत येऊ नये म्हणून आतून चिकणमातीचं अस्तर दिलं, वाळू भरली आणि मधोमध विटांचा हौद उभा केला. पावसाचं पाणी फरशीतल्या भोकाच्या दगडांतून खाली जाणार, वाळूतून गाळून हौदात येणार. 1884 मध्ये मुख्य भूमीवरून नळाचं पाणी येईपर्यंत शहर यावरच जगलं. आमच्या मुक्कामाजवळच्या चौकात अशा हौदाचं एक तोंड होतं, झाकण कायमचं बंद, पण दगडाच्या काठावर दोराने घासून घासून पडलेल्या खाचा बोट घालता येईल इतक्या खोल होत्या. सौ. किती वेळ त्यावर हात फिरवत होती. आणि हो, तिथं या चौकांना काम्पो म्हणतात, म्हणजे शेत, कारण पूर्वी तिथं गवत असायचं. 'पियात्सा', म्हणजे इटालियनमध्ये चौक, तिथं फक्त सान मार्कोला म्हणायचं.

आता त्रास सांगतो कारण नुसतं कौतुक करून उपयोग नाही. बसने किंवा ट्रेनने शहराच्या तोंडापर्यंत येता येतं, पुढे एकही गाडी नाही, चारशेच्या वर पूल आणि बहुतेकांना पायऱ्या, त्यामुळे मोठी चाकाची बॅग नेलीत तर मेलात. पत्ता हा दुसरा प्रकार. नंबर गल्लीप्रमाणे नाही, वस्तीप्रमाणे. शहराच्या सहा वस्त्या, आमची कान्नारेज्जो, आणि घराचा नंबर तीन हजार आठशे काहीतरी. 3811 सापडलं म्हणून खूश झालो तर पुढचं दार एकदम वेगळ्याच आकड्याचं, मग गल्ली संपली आणि समोर पाणी. मोबाईल म्हणे सरळ जा! शेवटी बाजारातून येणाऱ्या एका आजीबाईंनी काही न बोलता बाहीला धरून दारात नेऊन सोडलं.

या आजीबाईंसारखी माणसंच तिथं कमी होत चाललीत. 1951 च्या सुमाराला बेटांवरच्या जुन्या शहरात पावणेदोन लाख लोक राहायचे, 2022 मध्ये आकडा 50 हजारांच्या खाली गेला. रिआल्टो पुलाजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत हा आकडा लावलेला आहे, लोक शेजारी उभे राहून सेल्फी काढतात. आणि आपण चार तासाला येणारे काय करतो, तर गल्ल्या अडवतो. म्हणूनच 2024 पासून तिथल्या पालिकेने ठराविक गर्दीच्या दिवशी फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांना 5 युरो प्रवेश फी लावली, 2025 मध्ये उशिरा बुक केलं तर 10. शहराच्या हद्दीत रात्री मुक्काम करणाऱ्याला ती माफ आहे, फक्त आधी ऑनलाईन नोंद करायची. ग्रुप 25 माणसांपेक्षा मोठा नको आणि गाईडला स्पीकर नको असाही नियम आला. म्हणजे आमचे 44 आता बसतच नाहीत नियमात. लेखात यातला एक शब्द नाही, उद्या कोणी तुमचा पेपर हातात घेऊन गेला तर?

पैशाचं म्हणाल तर राहणं महाग आहे, नाही म्हणत नाही. पण फिरणं तेवढं नाही. वापोरेत्तो म्हणजे तिथली पाण्यातली बस, एका तिकिटाला 75 मिनिटांचे साडेनऊ युरो, तेच 24 तासांचा पास 25 युरोला. एक नंबरच्या बोटीत पुढे जागा धरून बसा, ग्रँड कॅनॉल म्हणजे शहराचा मुख्य कालवा पावणेचार किलोमीटरचा आहे, बोट हळूहळू प्रत्येक थांबा घेत जाते, यापेक्षा चांगली सफर नाही. आणि गोंडोला परवडत नसेल तर त्रागेत्तो करा, 2 युरोत कालव्याच्या या काठावरून त्या काठावर. आम्ही सांता सोफियाच्या धक्क्यावरून मासळीबाजाराकडे गेलो, दोन नावाडी, तिथले लोक पिशव्या घेऊन उभेच, आम्ही मात्र घाबरून लाकूड धरून बसलो. गोंडोला नीट बघा कधी, जवळजवळ 11 मीटर लांब आणि वाकडी असते, डावी बाजू उजवीपेक्षा 24 सेंटीमीटर रुंद, कारण नावाडी एकटा आणि वल्हं उजवीकडे, सरळ बांधली तर गोल गोल फिरत बसेल.

सान मार्कोला सकाळी साडेसहाला जा. सफाईवाले आणि आपण, बस. चर्चच्या दर्शनी बाजूवरचे चार घोडे तेव्हा शांतपणे बघता येतात, ते नकली आहेत, खरे आतल्या संग्रहालयात. 1204 मध्ये कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजच्या इस्तंबूलहून लुटून आणलेले, 1797 मध्ये नेपोलियनने ते पॅरिसला नेले, 1815 मध्ये परत आले. चोराच्या घरी चोरी म्हणतात ती ही. आमच्या पहिल्या गाईडने खालूनच छत्रीने दाखवले आणि हेच ते म्हणून सांगितलं.

बाकी पुरवणीत जागा कमी असते हे कळतं. पण निदान फोटोखालची ओळ तरी दुरुस्त करा. 'प्रेमिकांचा उसासा पूल' असं छापलंय. तो साधारण 1600 सालचा, डोज म्हणजे तिथल्या जुन्या राज्यप्रमुखाच्या राजवाड्यातून तुरुंगात जायचा पूल आहे, उसासे कैद्यांचे. आतून चालत गेलो आम्ही, खिडकीला दगडी जाळी आहे, भोकातून पाण्याचा एवढासा तुकडा दिसतो आणि समोरच्या पुलावर फोटो काढणारे लोक.

आपला एक नियमित वाचक