यंदा टीव्ही नाही, सुन्या

सातारा,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुन्या,

तू फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला, म्हणून आता लिहूनच कळवतो: दसऱ्याचा मुहूर्त साधून दुकानात गेलो होतो, पण नवा मोठा फोर-के टीव्ही घेतला नाही. तू शिव्या घालणार हे माहीत आहे. तेव्हा आधी नीट वाच, मग घाल.

आशिया कपची फायनल तुझ्या पासष्ट इंचीवर पाहिली तेव्हापासून पोरगा माझ्या मागे लागलाय. त्यात २२ सप्टेंबरपासून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे नको म्हणायला पैशाचं कारणही फारसं उरलं नाही. दुकानात ही गर्दी! भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच चित्रफीत. पोपट, मध, बर्फाचे डोंगर, पुन्हा पोपट. रंग इतके भडक की पोपटालाही शंका यावी. विक्रेता म्हणाला, "सर, क्लॅरिटी बघा." मी म्हटलं, बघतो, पण आमच्या घरी पोपट लागत नाही. जरा सेट-टॉप बॉक्स जोडून आईची मालिका लाव.

बिचाऱ्याने कुरकुरत लावली. साधं एसडी (कमी ठिपक्यांचं, जुन्या दर्जाचं) चॅनल, पंचावन्न इंची फोर-के पडद्यावर. नायिकेच्या साडीचे काठ मुंग्या आल्यासारखे वळवळत होते आणि सासूबाईंची टिकली कपाळात विरघळून गेली होती. खालून सरकणारी अक्षरं कडेला कुरतडलेली. त्यात सगळाच दोष त्या टीव्हीचा नाही. एसडी चित्रात फार तर ७२० गुणिले ५७६ ठिपके (पिक्सेल), म्हणजे सव्वाचार लाखांच्या आतच. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, जवळजवळ ८३ लाख. एका ठिपक्याचे वीस करायचे, तर मधले एकोणीस टीव्हीने स्वतःच्या अंदाजाने भरायचे. महागाच्या टीव्हीतली चिप हा अंदाज बरा करते, स्वस्तातली असाच चिखल करते. आमच्याकडे दिवसातला बराच वेळ टीव्ही आईच्या ताब्यात असतो आणि बाबा एचडी पॅक घेऊ देत नाहीत, हे तुला ठाऊक आहेच.

घरी येऊन टेप काढला. (हसू नकोस.) सोफ्यापासून भिंत साडेनऊ फूट. आता हिशेब ऐक. निकोप डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक दिसतं, त्याखालचे दोन ठिपके एकच वाटतात. त्या मापाने आमच्या सध्याच्या त्रेचाळीस इंची फुल एचडीचे (१९२० गुणिले १०८०) ठिपके साडेपाच फुटांपलीकडे वेगळे दिसतच नाहीत. पंचावन्न इंची फुल एचडीचे सात फुटांपर्यंत, पासष्टचे साडेआठ फुटांपर्यंत. म्हणजे साडेनऊ फुटांवर बसून फोर-केचा बारीकपणा जेमतेम कळायला पंचाहत्तर इंच तरी हवेत. तो टीव्ही साडेपाच फूट रुंद, आणि आमच्या हॉलमध्ये खिडकी आणि शोकेस यांच्यामध्ये भिंत आहे पाच फूट. आईचं तर एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय!

तुझ्याकडे फरक दिसला, मान्य. पण तुमचा हॉल लहान, आपण पडद्यापासून सहा फुटांवर बसलो होतो. शिवाय तुझा टीव्ही चांगल्यातला आहे. माझ्या मते निम्मी जादू ठिपक्यांची नव्हतीच, काळा रंग खरोखर काळा दिसण्याची होती. रात्रीच्या मॅचमध्ये दिव्यांचा झगमगाट आणि मागचा अंधार दोन्ही एकाच वेळी दिसत होते, ते चांगल्या पडद्यामुळे. माझ्या बजेटमधल्या टीव्हीवरही एचडीआरचा (लख्ख उजेड आणि गडद अंधार एकत्र दाखवण्याच्या तंत्राचा) स्टिकर होता, पण पडद्याला तेवढा उजेडच नसेल तर त्या स्टिकरचं काय लोणचं घालायचं?

बाकी अडचणी किरकोळ. फोर-केसाठी नेटफ्लिक्सचा सगळ्यात महागडा प्लॅन लागतो आणि पंधरा एमबीपीएसचा इंटरनेटचा वेग. वेग आहे, प्लॅन नाही. फोर-केच्याही पुढचं एटके वगैरे तर डोक्यातून काढून टाक. ३ कोटी ३० लाख ठिपके आहेत, दाखवायला काय आहे?

एक मात्र तुझ्या बाजूने सांगतो. पन्नास इंचांच्या पुढे आता दुकानात बहुतेक सगळेच फोर-के. त्यामुळे आमचा जुना ज्या दिवशी मान टाकेल त्या दिवशी फोर-केच येणार, त्यात निर्णय घेण्यासारखं काही नाही. तेव्हा पासष्टच्या हव्यासाला न पडता पंचावन्नातच, पण पॅनेल चांगलं बघून घेईन. आणि घरी आणल्या आणल्या तो दुकानातला भडक रंगांचा व्हिव्हिड मोड बंद करून सिनेमा मोड लावीन. तूही लाव. आणि चित्र गुळगुळीत करणारं ते सेटिंगही काढ, तुझ्याकडे चांगला सिनेमासुद्धा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो.

हे सगळं मी जेवताना ऐकवलं तर सुमा म्हणाली, "ठिपके मोजत बसलाय, पण बोललेलं ऐकू येत नाही त्याचं काय?" आणि खरंच रे! संवाद आले की आवाज वाढवायचा, पार्श्वसंगीत आलं की धावत कमी करायचा, हे रोजचंच झालंय. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुतेक वेळा खाली किंवा मागे तोंड करून असतात, आवाज आधी भिंतीला आणि मग आपल्याला. नवा पातळ टीव्ही आणला असता तरी हे दुखणं राहिलंच असतं.

तर ठरलं ते असं. बाबांना न विचारता आईच्या चॅनलांचा एचडी पॅक सुरू केला. पैसे माझ्या फोनवरून जातात, त्यांना कळायचं नाही. आणि तू नवा साउंडबार (टीव्हीपुढे ठेवायचा लांबट स्पीकर) घेतल्यावर जुना माळ्यावर टाकलायस ना? तो कुणाला देऊन टाकू नकोस. दिवाळीत येताना घेऊन ये, रिमोट आणि वायरीसकट. किंमत आल्यावर बोलू, पण मित्र म्हणून लाव.

वहिनींना नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद.

तुझा,
अन्या