मामा, पंप टेबलाजवळ आला!

बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवरच्या मामांना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मोबाईलवर लिहितोय. तुम्ही मोबाईल फक्त फोन उचलायला वापरता, तेव्हा डब्याच्या सुट्टीत तुमचा मुलगा वाचून दाखवेल. चार लोकांसमोर लिहायचं कारण एवढंच की, कॉलेजात आमच्या प्रोजेक्टला टाळ्या मिळाल्या आणि तिथं तुमचं नाव कुठंच आलं नाही.

आमचा विषय होता नवजात बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी लहान हार्ट-लंग मशीन. मॉडेलच, पाणी आणि ग्लिसरीनवर चालणारं. पेशंटला लावायचं नव्हे. आधी दोन-तीन वर्कशॉपवाल्यांनी "एका नगासाठी सेटिंग करत नाही" म्हणून वाटेला लावलं. तुम्ही चष्मा पुसला, ड्रॉइंग उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, "हे चालतंय कशासाठी ते आधी सांग की."

मग सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवतात, तेवढा वेळ रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत अंगात ढकलायचं. १९५३ साली अमेरिकेत डॉ. गिबन यांनी हे यंत्र पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं. "आणि ज्यांच्याकडं यंत्र नव्हतं ते?" तुम्ही विचारलंत. मिनेसोटात डॉ. लिलेहाय यांनी १९५४ मध्ये आई किंवा बापाच्या रक्ताभिसरणालाच लेकराला जोडलं होतं, हे ऐकून तुम्ही लेथ बंद केलात. "म्हणजे बापच पंप!" त्या दिवसापासून आमचं ड्रॉइंग तुमच्या टेबलावर सगळ्यात वर राहिलं.

अडचण कुठं आहे हेही तुम्हाला लगेच कळलं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम अडीचशे मिलिलिटर, तुमच्या टपरीवरच्या चहाचे दोन-अडीच ग्लास. यंत्र चालू करण्याआधी नळ्या, टाकी, ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) सगळं भरून घ्यावं लागतं. त्यालाच तीनशे लागले, तर बाळाचं रक्त निम्म्याहून पातळ होतं. मग दुसऱ्याचं रक्त घालावं लागतं, आणि इतक्या लहान जिवाला ते जितकं कमी तितकं बरं. नवजातांसाठीचे ऑक्सिजनेटर आता तीस-चाळीस मिलिलिटरमध्ये भरतात. म्हणजे उरली नळी.

दोन सुती, म्हणजे पाव इंची, नळीच्या एका मीटरमध्ये ३२ मिलिलिटर मावतं, दीड सुतीत १८, एक सुतीत ८. मग बारीकच का घेऊ नये? व्यास निम्मा केला की तोच प्रवाह ढकलायला सोळापट दाब लागतो, आणि दाबून ढकललं की तांबड्या पेशी फुटतात. आम्ही हे आकडे कागदावर मांडत बसलो होतो, तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "जॉब इकडं, मोटार तिकडं, मधे एवढी नळी कशाला रे सोडलंय?"

लहान मुलांची ऑपरेशनं करणाऱ्या केंद्रांनीही हीच वाट धरली आहे: पंपाचं डोकं मोठ्या कन्सोलवरून सुटं करून टेबलाशी आणायचं. शिरेतलं रक्त नुसतं उतारानं खाली यायचं असेल तर टाकी टेबलाच्या बरीच खाली ठेवावी लागते. थोडं व्हॅक्युम लावलं की टाकीही वर, जवळ घेता येते. पण हे करायला पंप धरून ठेवणारा लोखंडी हात हवा होता, आणि तो तुम्ही भंगारातल्या अँगलमधून करून दिलात. फिरतो, लॉक होतो, हलत नाही. दीड मीटर दोन सुती नळीच्या जागी पाऊण मीटर दीड सुती बसली. त्या एका लाइनमध्ये ४८ मिलिलिटर मावायचं, तिथं १३ राहिलं.

रोलरचं काम मात्र मी विसरणार नाही. पंपात ब्लॉकला टेकवून नळी बसवलेली असते, आणि फिरणारे रोलर ती चेपत रक्त पुढं ढकलतात. रोलर नळीला फार चेपला तर पेशी चिरडतात, सैल राहिला तर रक्त मागं सरकतं. तुम्ही दोन्ही रोलरना एक्सेंट्रिक बुश घातले, म्हणजे फिरवलं की रोलर थोडा पुढं-मागं सरकतो, नळी उभी धरून त्यात पाणी भरलं आणि ॲलन-की फिरवत पाण्याच्या रेषेकडं बघत राहिलात. रेषा थांबली. तुम्ही की किंचित मागं घेतलीत. रेषा अगदी हळू उतरायला लागली. "घट्ट नको. एवढं उतरू दे." परफ्युजनिस्ट, म्हणजे ऑपरेशनमध्ये हे यंत्र चालवणारे, रोलर जवळपास असाच लावतात, तुम्ही आयुष्यात तो माणूस बघितलेला नाही. ब्लॉकच्या आतली कड बोटानं चाचपून पुन्हा पॉलिश पेपर मारलात, तेव्हा बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि त्याचे शाफ्ट तसेच पडून होते. त्याला जे उत्तर दिलंत ते इथं लिहिता येत नाही.

मजुरी अर्धीच घेतलीत. कुंद्याचा डबा आणला तर "शुगर हाय" म्हणून तो पोरांत वाटलात आणि एक घास गुपचूप खाल्लात, बघितलंय मी.

पुढच्या वर्षीच्या मुलांना टाकीवर पातळी दाखवणारा सेन्सर बसवायचा आहे. टाकी लहान झाली की ती रिकामी व्हायला सेकंदच लागतात, आणि मग लाइनमध्ये हवा जाते. त्यांना तुमचा पत्ता दिला आहे. श्रावण संपला की येतील. त्यांच्याकडून मजुरी पूर्ण घ्या.

तुमचा,
मेकॅनिकलवाला येळ्ळूरचा पोरगा