फोनवर सांगता येत नव्हतं म्हणून

प्रिय आई,

पप्पांना नमस्कार. पहिलं हे की मी बरी आहे, जेवते, हीटर चालू असतो, स्वेटरचं परत विचारू नको. लिहायला बसले कारण फोन केला की तू स्पीकरवर टाकतेस आणि मग पप्पा, दादा, वहिनी, कधीकधी शेजारच्या काकू पण ऐकत बसतात, आणि हे सगळ्यांसमोर बोलण्यासारखं नाही. वाचून झालं की पप्पांना किती सांगायचं ते तू ठरव.

माझ्या पोटाचं आहे. तेच, बारावीपासूनचं पाळीतलं दुखणं.

तू मागं म्हणलीस ना, लंडनकडं एवढे मोठे डॉक्टर असतात, दाखवत का नाहीस? अगं एकतर मी लीड्सला आहे, लंडन लांब आहे, आणि दुसरं म्हणजे दाखवायचं कसं असतं ते ऐक एकदा. आपल्याकडं मिरजेला जायचं, नंबर लावायचा, दोन-तीन तास बसायचं, पण संध्याकाळपर्यंत स्पेशालिस्टनं बघितलेलं असतं. इथं सरकारी व्यवस्थेत थेट स्पेशालिस्टकडं जाताच येत नाही. आधी आपल्या भागातला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि त्याची वेळ पाहिजे तर सकाळी बरोबर आठला फोन लावायचा. एक मिनिट आधी लावला तर दवाखाना बंद आहे म्हणून रेकॉर्डिंग, दोन मिनिटं नंतर लावला तर तुमच्या पुढं 24 जण आहेत. मग पियानो वाजत राहतो. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून चहा करायचे, आंघोळीचं पाणी सोडायचे, अजून 11 जण पुढं. तुमच्याकडं तेव्हा दुपारचा दीड, पप्पा जेवून आडवे झालेले. एवढं करून नंबर लागला की रिसेप्शनवरची बाई विचारणार काय होतंय, म्हणजे डॉक्टरच्या आधी तिला सगळं सांगायचं, आणि तीच ठरवणार आज की तीन आठवड्यांनी. आत दहा मिनिटं. एका वेळी एकच तक्रार, तशी पाटीच आहे भिंतीवर! पाळीचं बोललं तर कंबरेचं पुढच्या वेळी. माझं तर दोन्ही एकच होतं.

पहिल्या वेळी पॅरासिटामॉल. दुसऱ्या वेळी स्ट्रेस. तिसऱ्या वेळी सोनोग्राफी, ती नॉर्मल आली, डॉक्टर खूश आणि मी रडकुंडीला. रिपोर्ट चांगला आला तर रडायचं काय, म्हणशील. पण आपल्या तिथल्या डॉक्टरांनी पण हेच केलेलं ना, सोनोग्राफी नॉर्मल, मेफ्टाल घ्या, लग्न झालं की थांबेल. तू केसपेपरची घडी पर्समध्ये घातलीस आणि आपण स्टँडवर उसाचा रस प्यायलो, बिनबर्फाचा. तुला दोष देत नाही, खरंच नाही, तो रस पण मला आठवतो.

माझं पण चुकत होतं म्हणा. इथं विचारतात 0 ते 10 मध्ये किती दुखतं. मी हसून म्हणायचे 6. माझी केरळची रूममेट नर्स आहे, ती जाम ओरडली, म्हणली लिपस्टिक लावून 6 सांगणाऱ्या बाईला कोण विचारतंय, आकडा सोड, काय काय करता येत नाही ते सांग. तेव्हा मला सांगलीचा आयर्विन पूल आठवला बघ. कृष्णेचं पाणी 40 फुटाला गेलं की इशारा, 45 ला धोका, आणि 2019 ला 57 च्या वर गेलं तेव्हा पाणी जरासं चढलंय असं कोणी म्हणलं का? मी गळ्यापर्यंत बुडून जरासं चढलंय सांगत होते.

मग तीन महिने वहीत लिहिलं. तारीख, किती गोळ्या, रात्री किती वेळा उठले, संडासला बसताना सुरी फिरल्यासारखं होतं ते, ऑफिसच्या बाथरूमच्या फरशीवर 40 मिनिटं पडून होते ते. लाज वाटली पण वहीच टेबलावर ठेवली. सोबत इथल्या नाइस या सरकारी संस्थेच्या 2017 च्या सूचनांची प्रिंट, त्यात स्पष्ट लिहिलंय की सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाही असं धरू नका. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीच्या बाहेर, आतड्याजवळ कुठंही चिकटतं, पातळ ठिपके असले तर सोनोग्राफीत दिसतच नाहीत. दहातल्या एका बाईला असतं म्हणे, आणि तरी इथं नाव कळायला सरासरी आठ-नऊ वर्षं जातात. म्हणजे आपण दोघी काय फार मागं नव्हतो.

दुर्बिणीनं बघितलं तर पक्कं कळतं. आणि आई, रागावू नको, ते झालंय. आज 19 दिवस झाले. तीन छोटे टाके, एक बेंबीत. सकाळी गेले, संध्याकाळी घरी. पोटात गॅस भरतात त्यामुळं दोन दिवस खांदा दुखला, पोटाचं ऑपरेशन आणि खांद्याला बाम, हसशील तू. भूल दिल्यावर पहिली रात्र घरी कोणीतरी लागतं, फॉर्मवर रूममेटचं नाव लिहिलं. तिनं मऊ भात केला, त्यात नारळाचं तेल होतं, तरी खाल्ला. तुला सांगितलं असतं तर तू निघाली असतीस नाहीतर देव पाण्यात घातले असतेस, म्हणून नाही सांगितलं.

ठिपके होते. खरंच होते. काढलेत, परत येऊ शकतात, म्हणून रोज एक गोळी आहे. डॉक्टरीण म्हणाल्या घरात कोणाला आहे का. मी नाही म्हणलं आणि मग बसमध्ये आठवलं, तू दर महिन्याला दोन दिवस गरम विटेचा शेक घेऊन पडायचीस आणि आम्हाला पित्त झालंय म्हणून सांगायचीस.

पैशाचं. ऑपरेशनला वेगळे पैसे पडले नाहीत, व्हिसाबरोबर वर्षाला 1,035 पौंड आधीच भरून घेतात त्यात आलं. पण सुट्टीचा पगार पूर्ण मिळाला नाही, म्हणून मागच्या महिन्यात 20 हजारच पाठवले, डिपॉझिट भरलं म्हणून सांगितलं ते खोटं होतं. दादाला प्लॉटचा हप्ता या वेळी त्यानं भरायला सांग, पुढच्या महिन्यात मी दोन्ही भरते.

तासगावच्या स्थळाचं, त्यांना आत्ता काही सांगू नको असं तू म्हणणार, मला माहितीय. मूल होतच नाही असं नसतं, कितीतरी जणींना होतं, काहींना अवघड जातं. पण मुलाशी मीच बोलणार, पहिल्याच फोनला. त्यानंतर ते नाही म्हणाले तर आत्याला काय सांगायचं ते आपण बघू, तू आधीच रडत बसू नको.

टाके आपोआप विरघळतात, काढायला जायचं नाही. हळद आणि भडंग पाठव कोणी येणार असेल तर. रविवारी फोन करते, स्पीकर बंद ठेव.

तुझी,
छोटी